शेळीच्या मागं चालणारा मानाचा बैल

मेंढरू वाट बघून चालत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? ते पुढच्या मेंढराचं शेपूट बघून चालतं. पुढचं जिथं उडी मारेल तिथं मागचंही मारणार. आमच्या गावच्या पांदीत मी हे डोळ्यांनी पाहिलंय. एका वात्रट गड्यानं वाटेवर काठी आडवी धरली. पुढची मेंढरं तिच्यावरून उडाली. मग त्यानं हळूच काठी काढून घेतली, तर मागचा अख्खा कळप त्याच जागी, नसलेल्या काठीवरून उड्या मारत गेला. शेवटचं मेंढरू तर एवढं उंच उडालं की ते खाली येईपर्यंत बाकीची पुढच्या शिवारात चरायला लागली होती. लोक म्हणतात मी वाढवून सांगतो. काठीचं खरं आहे. उंचीतलं काय कमी करायचं ते तुमचं तुम्ही करून घ्या.

मात्र ही खोड मेंढरापुरती नाही, हे मला कळलं ते एका पोळ्याला. आमचं गाव परभणी जिल्ह्यातलं, ताडकळसचा बाजार करून दिवस मावळायच्या आत घरी येता येईल एवढ्या अंतरावरचं. गावाला जुनी दगडी वेस. पोळ्याच्या दिवशी त्या वेशीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधायचं, आणि सजवलेले बैल त्याच्याखालून एकामागं एक मारुतीच्या देवळाकडं न्यायचे. सगळ्यात पुढं मानाचा बैल. तो एकटा जाणार, त्याचा जोडीदार मागून. त्यानं शिंगानं तोरण तोडलं की पोळा फुटला म्हणायचं. आणि आमच्या गावची खास रीत अशी की मानाच्या बैलाच्या पुढं माणसानं चालायचं नाही. धन्यानं कासरा धरून मागं राहायचं; बैल आपल्या पायानं तोरणाखाली गेला पाहिजे.

मानाचा बैल माझ्या काकांचा. काका गावचे पाटील. त्यांच्या पुढं चालायची हिंमत कुणात नव्हती, आणि कुणाच्या मागं चालायची सवय त्यांना नव्हती. एस्टीत ते ड्रायव्हरच्या मागच्या पहिल्या बाकावरच बसायचे. तिथं कुणी बसलेलं दिसलं, की परभणीचं काम उद्यावर टाकून घरी परत यायचे. स्वतःच्या लग्नात नवरीच्या पुढं एवढे चालले, की सप्तपदी संपली तेव्हा काकू मांडवात आणि काका बाहेर पान खात उभे होते. हे काकूंनीच सांगितलंय.

काकांच्या मागं मान होता खालच्या गल्लीच्या अण्णांचा. अण्णा म्हणजे आमचेच भाऊबंद. त्यांचं दुःख एकच: आयुष्यभर आमच्या बैलाचं शेपूट बघावं लागलं. त्यांच्या मागं मोठे जमीनदार, मग थोडक्या जमिनीचे, मग बटईवाले, आणि अगदी शेवटी, पार चिंचेखाली, ओढ्यापलीकडच्या वस्तीतली एकुलती जोडी. ती जोडी माझ्या शाळेतल्या मित्राची. ती शेवटी का, असं विचारायची गावात पद्धत नव्हती. विद्यापीठाच्या नावावरून आमच्या भागात त्या वर्षांत जे झालं, त्यावर मला गंमत करता येत नाही. माझ्यासारख्याची जीभसुद्धा काही ठिकाणी थांबते. आमच्या गावात काही जळालं नाही, पण बोलणं आटलं. ज्याच्यासोबत मी एका पाटीवर गणितं सोडवली, तो मित्र हॉटेलात समोर आला की आम्ही दोघंही आपापल्या चहात बघायचो.

तर त्या साली काकांचा मानाचा बैल म्हातारा झाला आणि त्यांनी बाजारातून नवा बैल आणला. लाल रंगाचा, आम्ही त्याला तांबडाच म्हणायचो. काय जनावर होतं! दारात बांधला तर घरात अंधार पडायचा. हंबरला तर पूर्णेच्या स्टेशनात मालगाडीचा ड्रायव्हर खाली उतरून इंजिन तपासायचा. औताला जोडला की जोडीदाराच्या खांद्याला खांदा लावून दिवसभर चालायचा. पण एकटा सोडला आणि मागून कासरा धरून "चल" म्हटलं, की जागच्या जागी उभा. पुढं मोकळी वाट दिसली की त्याचे पाय रुजायचे.

काकांनी सगळं करून पाहिलं. बैलाला डावी-उजवी बाजू असते. ज्याला उजवीकडं जुंपायची सवय, तो डावीकडं आला की नव्या नवरीसारखा बावरतो. म्हणून काका आधी त्याच्या डाव्या बाजूनं बोलले, मग उजव्या. गूळ दाखवला. हलगी वाजवली. मी त्याच्या पुढं चालून पाहिलं, तर माझ्याकडं त्यानं अशा नजरेनं पाहिलं की मीच शरमून बाजूला झालो.

काकू ओसरीतून गहू निवडता निवडता म्हणाल्या, "बैल आणलाय का खांब आणलाय? असं करा, त्याला दुसरा एक बैल बांधा."

"तू गप. नवं जनावर हाय, बुजतंय जरा."

"बुजलेलं जनावर पळतं. हे तर रिटायर झाल्यावानी उभं ऱ्हायलंय."

ही बातमी खालच्या गल्लीला पोचायला कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या दिवशी अण्णा चहाला हजर. बैलाच्या भोवती फिरले, पाठीवर हात फिरवला, आणि बशीत चहा ओतत म्हणाले, "दादा, जनावर लय देखणं हाय. फोटू काढायला चांगलंय."

"पोळ्याला बगा."

"बगू की. पण दादा, मान चालणाऱ्याचा असतो. तोरणापाशी तुमचा उभा ऱ्हायला, तर आमचा मागं किती वेळ थांबंल? त्याला जरा चालायची सवय हाय."

काकांचा चहा तिथंच निवला. संध्याकाळी मारुतीच्या पारावर चार वडीलधाऱ्यांसमोर बोलणं झालं: तांबडा आपल्या पायानं, पुढं माणूस न चालता, तोरणाखालून गेला तर काकांचा मान काकांचा. थांबला तर अण्णांचा बैल पुढं, आणि मान कायमचा खालच्या गल्लीला. काका "ठरलं" म्हणाले. घरी आले आणि त्या रात्री भाकरीला हात लावला नाही. काकांनी भाकर नाकारली ही आमच्या घराण्यातली पहिलीच वेळ.

आणि मग शेळी आली.

गावात धनगराची एक आत्या होती. अख्ख्या गावाची आत्याच. तिच्या कळपात सगळी मेंढरं, आणि पुढं एकच कबरी शेळी. कारण मेंढराला कुठं जायचं ते ठरवता येत नाही, शेळीला येतं. शेळीला सगळंच ठरवता येतं. ती गावात सरपंच नव्हती एवढंच. रोज सकाळी कबरी आमच्या वाड्यावरून ऐटीत जायची आणि मागून मेंढरांचा लोंढा. त्या सकाळी काका तांबड्याचा कासरा धरून नेहमीसारखे "चल रे राजा" करत उभे होते. कबरी समोरून गेली. तांबड्यानं कान टवकारले, मान खाली घातली, आणि निघाला की तिच्या शेपटामागं. मेंढरांच्या मधोमध तांबडा, आणि कासऱ्याला लोंबकळत काका. अंगणातून निघालेली वरात गल्लीतून, चावडीवरून, थेट माळापर्यंत गेली. वाटेत ज्यांनी ज्यांनी पाहिलं ते पाटील कुठं चाललेत म्हणून मागून निघाले. पुढं शेळी, तिच्यामागं मेंढरं, त्यात बैल, बैलामागं पाटील, पाटलामागं गाव. शेळी पाण्यात शिरली असती तर त्या दिवशी जनगणनेचं काम सोपं झालं असतं.

माळावर आत्या कमरेवर हात ठेवून उभी. "पाटील, मेंढरं राखायला आलात व्हय? भाकर तरी बांधून आणायची."

काका धापा टाकत होते, पण डोळे असे चमकत होते की मी ते तसे आधी पाहिले नव्हते. "आत्या, तुझी शेळी मला पोळ्यापस्तोर दे."

"शेळी देईन. मेंढरं काय करतील?"

"मेंढराला काय करायचंय? उभी ऱ्हातील."

मेंढरं उभी राहिली नाहीत. शेळी आमच्या अंगणात आली, तर संध्याकाळी अख्खा कळप अंगणात. हाकलला की शेळीकडं बघायचा. शेळी बसली की बसायचा. काकूंना अंगणात पाय ठेवायला जागा उरेना. "मी पाटलाच्या घरात दिल्ते का धनगरवाड्यात?" त्या विचारायच्या, आणि लगेच लेंड्या टोपलीत भरून परसातल्या वांग्यांना घालायच्या. त्या साली आमची वांगी एवढी झाली, की एक वांगं तोडायला दोघं लागायचे, एक धरायला आणि एक विश्वास ठेवायला.

तांबडा शेळीच्याच मागं का जातो, हे कोडं सुटलं ताडकळसच्या बाजारात. तिथं काकांना तांबडा विकणारा भेटला. तो हसत सुटला. म्हणाला, "मालक, ह्या बैलानं जन्मभर मानवतला कापसाच्या गाड्या ओढल्या. लायनीत दुसरी गाडी आमची. पहिल्या गाडीवाल्याला चहात शेळीचं दूध लागायचं, मनून त्यो शेळी गाडीमागं बांधूनच निघायचा. आमी गाडीवर झोपायचो. तांबडा शेळीकडं बगत मानवतपस्तोर जायचा. त्यानं रस्ता कधी बगितलाच न्हाई, बगितली ती शेळी."

परत येताना काका म्हणाले, "रीत काय हाय? मानाच्या बैलापुढं माणूस नको. शेळी माणूस हाय का?"

"नाही काका. पण शेळी तोरणाखालून आधी गेली तर अण्णा म्हणतील मान शेळीचा."

"मनून ती तोरणाखालून जाणारच न्हाई. आत्या तिला परसामागून आत नेईल, वेशीच्या आतल्या अंगाला उभी करंल. तांबडा बाहेरून तिला बगंल, अन् जाईल."

मी बेत ऐकून चाटच पडलो. काका वकील झाले असते तर परभणीच्या कोर्टात एकही खटला संपला नसता.

आत्यानं अट घातली. "बैलाची शिंगं रंगवायलाव ना? मग माझ्या कबरीची बी रंगवा. मान तुमचा, चालवणारी ती." म्हणून पोळ्याच्या सकाळी ओढ्यावर तांबड्याला धुताना कबरीलाही धुतली. तांबड्याच्या शिंगांना हिंगूळ आणि बेगड, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग. कबरीच्या शिंगांनाही हिंगूळ, आणि गळ्यात गोंडा. ती पाण्यात स्वतःला बघून परत परत वळायची.

दुपार कलल्यावर बैल वेशीबाहेर लागले. पांद अरुंद, दोन्हीकडं काटेरी कुंपण, पावसानं चिखल. पुढं काका आणि तांबडा, मागं अण्णा आणि त्यांचा बैल, आणि मग पार चिंचेपर्यंत रांग. रांग कुणी मोडू नये म्हणून काकांनी मला शेवटी उभं केलं होतं, म्हणजे मित्राच्या जोडीशेजारी. आम्ही दोघं एकाच दिशेला बघत होतो. पांद पुढं चढाची, त्यामुळं वेस मला चिंचेखालूनही स्वच्छ दिसत होती.

हलगी वाजली. काका कासरा धरून मागं सरले. अण्णांनी आपल्या बैलाला थोपटलं. तांबडा तोरणाकडं बघत खांबासारखा उभा. एक क्षण गेला, दुसरा गेला. आणि वेशीच्या आत, तिला लागूनच असलेल्या पिंपळाच्या पारावर रंगीत शिंगं दिसली. तांबड्यानं मान खाली घातली आणि चालू लागला. माणसानं एवढ्या डौलात चालावं तर राजा व्हावं. काकांची छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटून हलगीवर पडलं, आणि वाजवणाऱ्याला वाटलं आपलाच ठेका चुकला.

बेतात एकच गोष्ट राहून गेली होती. शेळीला आंब्याचा पाला आवडतो.

तांबडा तोरणाखाली आला, आणि पारावरून कबरीनं पाहिलं: एवढा हिरवा पाला, आणि खाली महिनाभराच्या ओळखीची रुंद पाठ. ती पारावरून उडाली ती थेट तांबड्याच्या झुलीवर. मागच्या पायांवर उभी राहिली आणि तोरण खायला लागली. पावसानं भिजलेली सुतळी तटकन तुटली. अर्धं तोरण तिच्या तोंडात, अर्धं तांबड्याच्या शिंगावर.

आणि तांबडा थांबला. थांबणारच, शेळी आता पुढं कुठं होती? ती पाठीवर. पुढं मोकळी वाट. वेशीत अगदी मधोमध तांबडा रुजला. वेस अशी बंद झाली की मधून कोंबडी गेली नसती.

"दादा," अण्णा म्हणाले, "तोरण शेळीनं तोडलं."

"शेळी कुणाच्या बैलावर हाय?"

"बैल कुणाचा का असंना, तोडलं शेळीनं. अन् बैल थांबलाय."

"तोरणाखाली जाऊन थांबलाय. जायाचं ठरलं व्हतं, किती जायाचं हे ठरलं न्हवतं."

पारावरून आत्या ओरडली, "तुमी दोगं भांडून ऱ्हायलात, शेळी कुणाची हाय ते कुणीच इचारीना. तोरण तिनं तोडलं तर पोळा आमचा."

वडीलधारे चार होते, त्यांची मतं पाच झाली. तिकडं देवळात गुरव अक्षता घेऊन ताटकळलेला, इकडं पावसाचा शिडकावा सुरू, बैल फुरफुरायला लागलेले, आणि घरोघरी पुरण निवत चाललेलं. शेवटी मधूनच कुणीतरी म्हणालं, "ओढ्याकडून फिरून जा की. वाट हाय." आणि कुणीतरी वळलं. शेजारचा वळला म्हणून त्याच्या मागचाही वळला. पांदीत एकमेकांना ओलांडायला जागा नव्हती, म्हणून जो तो उभ्या जागी फिरला. बघता बघता अख्ख्या रांगेनं तोंड फिरवलं.

मी आणि मित्र तसेच उभे होतो. सगळे बैल आता आमच्याकडं बघत होते. मित्रानं जोडी वळवून पुढं पाहिलं, तर ओढ्याची वाट रिकामी. मागं पाहिलं, तर गाव.

"आता?" त्यानं मला विचारलं. कित्येक महिन्यांनी त्यानं मला काही विचारलं होतं.

"चल की."

"माझ्या पुढं कुणीच न्हाई."

"मग काय तांबड्यावानी उभा ऱ्हातोस?"

तो हसला. असा हसला की त्याचे बैलही दचकून चालू लागले. ओढ्यातून, त्याच्या वस्तीतून, जिथल्या बाया ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आल्या आणि एवढे बैल बघून पुन्हा आत पळाल्या तेल आणायला. त्या दिवशी गावातल्या प्रत्येक बैलाला त्या वस्तीत ओवाळलं गेलं. मग मागच्या गल्लीनं देवळापाशी. गुरव सकाळपासून उपाशी. त्याला समोर जी पहिली जोडी दिसली, तिच्यावर त्यानं अक्षता टाकल्या आणि धडाधड मंगलाष्टकं सुरू केली. पुढं कोण, मागं कोण, हे विचारायला पुढं कुणी नव्हतंच. विचारणारे सगळे रांगेच्या शेवटी होते.

शेवटून दुसरे अण्णा आले. चेहरा असा, की आयुष्यभर ज्या शेपटापासून सुटका हवी होती ती मिळाली, पण कशाला मिळाली ते कळेना. सगळ्यात शेवटी आत्यानं कबरीला तांबड्यावरून उतरवलं. ती वेशीतून ऐटीत निघाली, तिच्यामागं तांबडा, त्याच्यामागं काका. गाव त्यांच्याकडं बघत होतं. मला वाटलं, आता काका घरी जाऊन दार लावून घेणार. जन्मात पहिल्यांदा ते सगळ्यांच्या मागं होते.

काका देवळापाशी आले. सगळ्यांवर नजर फिरवली. उपरणं झटकलं आणि खड्या आवाजात म्हणाले, "आले का सगळे? हां. पाटील सगळ्या गावाला आत घालून मग येतो. शेवटी येणारा तो धनी असतो. आमच्या घराण्याचा मान शेवटचा हाय."

आत्या पदरात तोंड घालून हसत होती. आणि अण्णा पुढं सरसावले. "दादा, शेवटचा मान तुमचा कसा? तुमचा बैल तर आधीच वेशीत शिरलेला. बाहेर शेवटी आमी ऱ्हायलो व्हतो."

घरी काकूंनी पुरणपोळीचा पहिला घास तांबड्याला भरवला. त्यानं तो तोंडात धरला, पण कबरीला मिळाल्याशिवाय गिळला नाही.

पुढच्या पोळ्याला वेस मोकळी होती. तोरण ताजं होतं, तांबडा दावणीला होता, शेळी माळावर होती. अडवणारं काहीसुद्धा नव्हतं. आणि आमचे सगळे बैल वेशीपाशी आले, उभ्या जागी फिरले, आणि ओढ्याच्या वाटेनं गावात शिरले. पुढं माझा मित्र, त्याच्याशी गप्पा मारत मी, आणि पार मागं, पांदीच्या चिखलात, एकमेकांना "तुमी व्हा म्होरं" म्हणत थांबलेले काका आणि अण्णा. सूर्य मावळला तरी दोघांतला एकही पाऊल उचलेना.